नायजर एक टक्का, दक्षिण आफ्रिका तेहतीस

आफ्रिका खंडाचा एक नकाशा दर काही महिन्यांनी माझ्या फोनवर येऊन पडतो. पाठवणारा बदलतो, नकाशा तोच. प्रत्येक देशावर बेरोजगारीचा दर छापलेला असतो, कमी दराला हिरवा रंग आणि जास्त दराला लाल. खंडाचं दक्षिण टोक लालभडक दिसतं: दक्षिण आफ्रिका, एस्वातिनी, नामिबिया, बोत्स्वाना. सहाराच्या दक्षिण कडेला मात्र हिरवागार पट्टा. नायजर आणि चाड एक टक्क्याच्या आसपास, आणि पूर्वेकडे पिटुकला बुरुंडीही तसाच. दक्षिण आफ्रिका तेहतीस टक्क्यांच्या घरात. खाली कोणीतरी हमखास लिहितं, "बघा, खंडातला सगळ्यात पुढारलेला देश म्हणवतात आणि तरुणांना काम देता येत नाही. त्यापेक्षा नायजर बरा."

हे वाचलं की डोक्यात तिडीक जाते. मी जोहान्सबर्गमध्ये राहते आणि घरोघरी जाऊन केलेल्या सर्वेक्षणांची माहिती तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. कोणी प्रश्न अर्धवट सोडलाय, कोणाचं उत्तर आधीच्या उत्तराशी जुळत नाही, एकाच घरातली माणसं दोनदा मोजली गेलीत का, असं दिवसभर बघत बसायचं. त्या नकाशावरचा एकेक आकडा कुठून येतो हे मला जवळून ठाऊक आहे. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

नायजरचं दरडोई उत्पन्न दक्षिण आफ्रिकेच्या साधारण एक दशांश आहे. बेरोजगारी जर गरिबीचं माप असती, तर हा नकाशा नेमका उलटा रंगवावा लागला असता. मग नायजरमध्ये शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना काम आहे ते कसं?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या छत्राखाली जगभरचे श्रम-सांख्यिकी तज्ज्ञ दर काही वर्षांनी एकत्र बसतात आणि मोजणीचे नियम ठरवतात. १९८२ साली ठरलेला नियम आजही पाया म्हणून वापरला जातो. बेरोजगार ठरायला तीन गोष्टी एकदम खऱ्या असाव्या लागतात. गेल्या आठवड्यात तुम्ही काहीच काम केलेलं नसावं. काम मिळालं तर लगेच सुरू करायची तयारी असावी. आणि गेल्या काही आठवड्यांत, बहुतेक ठिकाणी चार, तुम्ही काम शोधायची काहीतरी खटपट केलेली असावी. यातली पहिली अट सगळ्यात कडक आहे, कारण "काम केलं" म्हणायला आठवड्यात एक तास पुरतो. पगारासाठी, नफ्यासाठी किंवा घरच्या धंद्यात, फक्त एक तास.

आता नायजरमधल्या एखाद्या शेतकरी बाईला हे प्रश्न विचारून बघा. पाऊस जून ते सप्टेंबर, पीक बाजरी आणि ज्वारी, पाठीशी बेकारी भत्ता नाही, पेन्शन नाही, बचत नाही. पाऊस संपल्यावर ती शेंगदाण्याचं तेल काढून विकेल, लाकूडफाटा विकेल, कोणाच्या घरी धान्य कांडून देईल. आठवड्यात एक तास? तिने तीस तास घातले असतील आणि हातात जे आलं त्यात दोन दिवसांचं पोट भागलं नसेल. पण कोष्टकात ती "रोजगारात" आहे. समजा एखादा आठवडा अगदीच कोरडा गेला, तरी पुढचा प्रश्न येतो: काम शोधलंत का? गावात कुठे शोधणार? कारखाना नाही, कचेरी नाही, अर्ज घेणारं कोणी नाही. तिने शोधलं नाही म्हणजे ती श्रमबाजाराच्या बाहेर. बेरोजगारांच्या रकान्यात तिचा पाय पडतच नाही.

तो एक टक्का असा तयार होतो. बेरोजगार राहायला काहीतरी आधार लागतो: घरात कोणाचा तरी पगार, म्हाताऱ्या आईची पेन्शन, शहरात राहणारा भाऊ. ज्याला हातावर पोट घेऊन जगायचंय त्याला रिकामं बसून काम शोधायची चैन परवडत नाही. नायजरचा आकडा मला सुखाचा वाटत नाही, तो आधार नसण्याचा आकडा आहे.

याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण नायजेरियाने स्वतःच घालून दिलंय. २०२० च्या शेवटच्या तिमाहीत तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी ब्यूरोने दर जाहीर केला होता ३३.३ टक्के. जगातल्या सर्वात वरच्या दरांत त्याची गणना झाली. मग बरेच दिवस आकडेच आले नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या पद्धतीचे आकडे आले: २०२२ च्या शेवटच्या तिमाहीत ५.३ टक्के आणि २०२३ च्या पहिल्या तिमाहीत ४.१. मधल्या काळात नायजेरियात कारखान्यांचं पीक आलं नव्हतं. उलट महागाई वाढत होती आणि तिथलं चलन नायरा घसरत होतं. बदललं होतं ते एवढंच की जुन्या पद्धतीत आठवड्याला वीस तासांपेक्षा कमी काम करणाऱ्याला बेरोजगार धरत होते, त्याच्याही आधी ही मर्यादा चाळीस तासांची होती, आणि नव्या पद्धतीत ती जगासारखी एका तासावर आणली.

लोक भडकले, सरकारने आकड्यांशी खेळ केला असं म्हणाले. त्यांचा राग मला पूर्ण समजतो, पण ब्यूरोवर खोटेपणाचा आरोप मला पटत नाही. इतर देशांशी तुलना करायची तर नियम सारखेच हवेत, आणि जुना नायजेरियन आकडा शेजाऱ्यांच्या आकड्यांशेजारी ठेवणं चूकच होतं. शिवाय त्याच अहवालात खरी गोष्ट लपवलेली नव्हती. २०२३ च्या पहिल्या तिमाहीत काम करणाऱ्यांपैकी पगारी नोकरीत होते फक्त ११.८ टक्के. ९२.६ टक्क्यांचा रोजगार अनौपचारिक होता, म्हणजे करार, रजा, विमा यांतलं काही नाही. ४.१ च्या बातम्या झाल्या, ११.८ वर कोणी थांबलं नाही. मला विचाराल तर त्या अहवालातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच होता.

आता दक्षिण आफ्रिका. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण हे मी रोज बघते.

आमच्या भागात बांधकाम साहित्याचं एक मोठं दुकान आहे. सकाळी साडेसहापासून त्याच्या बाहेर फुटपाथवर माणसं येऊन बसतात. प्रत्येकाच्या पुढ्यात त्याचं हत्यार मांडलेलं: कोणाचा रोलर, कोणाची थापी, कोणाचा पाइप पाना. काहींनी पुठ्ठ्यावर रंगाने लिहिलेलं असतं, टायलर, पेंटर, प्लंबर. एखादी बक्की, इथे पिकअपला बक्की म्हणतात, जरा हळू झाली की आठ-दहा जण धावतात. गाडीवाला खिडकीतून दोन बोटं दाखवतो, दोघं मागे चढतात, बाकीचे परत येऊन बसतात. मिळतं त्याला "पीस जॉब" म्हणतात. अर्ध्या दिवसाचं रंगकाम, एक खड्डा खणायचा, विटा उतरवायच्या. अकरा वाजले की बहुतेकांना कळून चुकतं की आज काही नाही. तरी दोन वाजेपर्यंत बसतात.

या एका फुटपाथचे सर्वेक्षणात तीन तुकडे होतात. मंगळवारी ज्याला तीन तासांचं रंगकाम मिळालं तो रोजगारात. ज्याला आठवडाभर काहीच मिळालं नाही पण जो रोज येऊन बसला तो बेरोजगार. इथल्या तिमाही श्रमबल सर्वेक्षणात काम शोधण्याच्या मार्गांमध्ये "रस्त्याच्या कडेला उभं राहून वाट पाहिली" असा एक स्वतंत्र पर्याय आहे. प्रश्नावली करणाऱ्यांनी हा देश पाहिलाय, हे त्या एका ओळीवरून मला कळतं आणि त्यांच्याबद्दल आदर वाटतो. तिसरा तो, जो महिनाभरापूर्वी यायचा बंद झाला. मिनिबस टॅक्सीचं जाण्यायेण्याचं भाडं रोज खिशातून घालायचं आणि हात हलवत परत जायचं, हे किती दिवस करणार? तो आता "निराश कामेच्छू" या वर्गात जातो आणि अधिकृत दरातून गळतो.

गळलेल्यांनाही धरलं तर दर किती होतो, हे दक्षिण आफ्रिका दर तिमाहीला शेजारीच छापते. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत अधिकृत दर ३२.९ टक्के होता आणि विस्तारित दर ४३.१. पंधरा ते चोवीस वयोगटात अधिकृत दरच ६२.४ टक्के. सुमारे तीस हजार घरांचा नमुना, दर तीन महिन्यांनी, वर्षानुवर्षं त्याच शिस्तीत. खंडातल्या फार थोड्या देशांकडे हे आहे.

आणि तरीही या आकड्यावर शंका घेणं ही इथे फॅशन झालीय. २०२५ च्या जूनमध्ये एका मोठ्या बँकेच्या प्रमुखांनी सांगून टाकलं की टाउनशिपमधले, म्हणजे काळ्या लोकांसाठी शहराबाहेर वसवलेल्या वस्त्यांमधले, छोटे धंदे मोजले तर खरी बेरोजगारी दहा टक्क्यांच्या आसपास निघेल. लोकांना ते ऐकून बरं वाटलं. सांख्यिकी विभागाने लगेच उत्तर दिलं की अनौपचारिक धंदे सर्वेक्षणात आधीपासूनच धरलेले आहेत. ते खरंच आहे. एक तासाचा नियम इथेही लागू आहे. घरातून फॅट केक तळून विकणारी बाई, केस विणून देणारी मुलगी, पार्किंगमध्ये गाड्या राखणारा माणूस, ही सगळी रोजगारातच मोजली जातात. ते मोजून उरलेले तेहतीस टक्के आहेत. तो आकडा खरा आहे आणि भयंकर आहे, आणि मोजणाऱ्याला दोष देऊन तो कमी होत नाही.

मग प्रश्न उरतो तो हा की इथला बेरोजगार माणूस नायजरच्या बाईसारखं काहीतरी का करत नाही. हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय, काहींनी सरळ विचारलाय आणि काहींनी "हे लोक आळशी" असं आधीच ठरवून. उत्तर इतिहासात आहे, आणि ते कायद्यांच्या पुस्तकात तारखेनिशी नोंदलेलं आहे.

नायजरच्या बाईकडे काही नसलं तरी जमिनीचा तुकडा आहे. दक्षिण आफ्रिकेत तो तुकडा कायद्याने काढून घेतला गेला, आणि तो काढताना हेतू उघड होता: खाणींना आणि गोऱ्यांच्या शेतांना मजूर हवे होते. १८९४ च्या ग्लेन ग्रे कायद्यात केप वसाहतीचा तेव्हाचा पंतप्रधान सेसिल रोड्स याने जमिनीचा वाटा लहान ठेवला आणि बाहेर मजुरीला न जाणाऱ्या पुरुषांवर दहा शिलिंगांचा श्रमकर बसवला. १९१३ च्या नेटिव्ह्ज लँड अ‍ॅक्टने देशातल्या बहुसंख्य लोकांना साधारण सात टक्के जमिनीत कोंबलं. १९३६ मध्ये ती मर्यादा तेरा टक्क्यांवर नेली. एवढ्याशा जमिनीत सगळ्यांचं पोट भरणं शक्यच नव्हतं, म्हणून माणसं जोहान्सबर्गजवळच्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत उतरली. शहरात त्यांना राहायला नव्हे, फक्त राबायला परवानगी होती. काळ्या माणसाने शहरात असताना परवान्याचा पास जवळ बाळगायचा, हे पासचे कायदे १९८६ पर्यंत होते. १९५० च्या ग्रुप एरियाज अ‍ॅक्टने वर्णानुसार वस्त्या वेगळ्या करून गावाबाहेर फेकल्या, आणि त्या वस्त्यांत काळ्या माणसाने दुकान टाकणं, फेरी करणं, धंदा वाढवणं यावर परवान्यांची बंधनं होती. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या धंदाच करू दिला नाही, त्याच्याकडे आज छोटे धंदे का कमी आहेत, हे विचारायची सोय नाही.

मग खाणींनीच माणसं काढायला सुरुवात केली. १९८० च्या दशकाच्या शेवटी सोन्याच्या खाणींत पाच लाखांच्या आसपास माणसं काम करत होती, आज एक लाखाच्याही आत आहेत. जमीन गेली होती, आता खाणही गेली. बाकी अर्थव्यवस्था वाढली ती बँका, विमा, मोठी सुपरमार्केटं यांत, जिथे शाळा पुरी न झालेल्या माणसाला दार नाही. आणि घरं अजूनही तिथेच आहेत जिथे ग्रुप एरियाज अ‍ॅक्टने टाकली. दक्षिणेकडच्या ऑरेंज फार्म या वस्तीतून जोहान्सबर्गच्या उत्तरेकडच्या श्रीमंत भागात कामाला यायचं तर पहाटे चारला निघावं लागतं आणि दोन टॅक्सी बदलाव्या लागतात.

अनुदानाने लोक बिघडले असंही म्हणतात. करोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, बेरोजगार प्रौढांसाठी महिना ३५० रँडचं साहाय्य सुरू झालं, २०२४ मध्ये ते ३७० रँड झालं. मार्च २०२५ मध्ये किमान वेतन तासाला २८ रँड ७९ सेंट झालं. म्हणजे त्या दराने महिन्याचं अनुदान तेरा तासांच्या किमान मजुरीपेक्षाही थोडं कमीच भरतं. यावर कोणी काम सोडून घरी बसतं असं ज्यांना वाटतं त्यांनी महिनाभर त्यात काढून बघावा.

दक्षिण आफ्रिकेच्याच आकड्यांतली एक गोष्ट मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी दाखवते. मार्च २०२० च्या शेवटी देश बंद झाला. एप्रिल ते जून या तिमाहीत २२ लाख लोकांचं काम गेलं. आणि बेरोजगारीचा अधिकृत दर ३०.१ वरून २३.३ टक्क्यांवर उतरला! बाहेर पडायलाच बंदी होती, त्यामुळे लाखो लोकांनी काम शोधलंच नाही, आणि शोधलं नाही म्हणून ते बेरोजगार धरले गेले नाहीत. अधिकृत बेरोजगार ७१ लाखांवरून ४३ लाखांवर आले. विस्तारित दर मात्र ३९.७ वरून ४२ वर गेला. एका तिमाहीपुरती दक्षिण आफ्रिका थोडी नायजरच्या दिशेने सरकली होती, आणि ती तिमाही इथल्या माणसांच्या आठवणीतली सगळ्यात वाईट तिमाही होती.

शेजारचे देशही लाल का आहेत, हे आता सांगावं लागू नये. लेसोथोचे लाखाहून जास्त पुरुष एके काळी याच खाणींत होते. ती कामं गेली. मग अमेरिकेला जीन्स आणि टी-शर्ट शिवून पाठवणारे कारखाने आले, त्यांत बहुतेक बायका, आणि २०२५ मध्ये अमेरिकी आयातकराच्या धास्तीने तेही डळमळले. त्या वर्षी जुलैमध्ये लेसोथोने राष्ट्रीय आपत्तीची स्थिती जाहीर केली, कारण बेरोजगारी, विशेषतः तरुणांची. दुष्काळासाठी, पुरासाठी असं जाहीर होतं, कामाच्या दुष्काळासाठी व्हावं हे मला योग्यच वाटलं. बोत्स्वानाची गोष्ट वेगळी. तिथे हिरे आहेत, सरकार तुलनेने नीट चालतं, शाळा-दवाखाने उभे राहिले. पण हिऱ्यांची खाण अवाढव्य यंत्रं चालवतात, माणसं थोडीच लागतात. देश श्रीमंत झाला आणि तरी दर पंचवीस टक्क्यांच्या आसपास.

उत्तरेकडे गेलं की नकाशाचे रंग मवाळ होतात. इजिप्तचा दर सहा-सात टक्के, म्हणजे काळजीचं कारण नाही असं वाटावं. पण इजिप्तमध्ये श्रमबाजारात असलेल्या बायकांचं प्रमाण वीस टक्क्यांच्याही खाली आहे. घरात राहिलेली पदवीधर मुलगी काम "शोधत" नसते, म्हणून ती मोजणीत नाही. ज्या थोड्या बायका शोधतात, त्यांच्यातला बेरोजगारीचा दर पुरुषांच्या तिपटीहून जास्त आहे. मोरोक्कोतही बायकांचा सहभाग तसाच तुटपुंजा. तिथे रबातमध्ये संसदेसमोर बेरोजगार पदवीधर नव्वदच्या दशकापासून निदर्शनं करत आलेत. त्यांना थांबता येतं, कारण घर थोडंफार सावरून धरतं आणि सरकारी नोकरीची आशा असते. ज्यांचं घर तेवढं धरू शकत नाही ते रस्त्यावर काहीतरी विकायला बसतात आणि आकड्यात "काम असलेले" होतात.

ट्युनिशियाचा मोहम्मद बुआझिझी तसाच. १७ डिसेंबर २०१० ला सिदी बुझिदमध्ये त्याने स्वतःला पेटवून घेतलं, ४ जानेवारीला तो गेला आणि १४ जानेवारीला तिथला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाला. तेव्हा जगभरच्या बातम्यांत तो "बेरोजगार पदवीधर" म्हणून छापून आला. तो पदवीधर नव्हता, त्याचं शाळेचं शिक्षणही पुरं झालं नव्हतं. आणि मोजणीच्या नियमाप्रमाणे तो बेरोजगारही नव्हता. लहानपणापासून तो हातगाडीवर फळं-भाजी विकत होता. त्या दिवशी त्याचा माल आणि वजनकाटा जप्त झाला. ज्या माणसाच्या मरणाने अरब जगातली सरकारं हलली, तो ट्युनिशियाच्या श्रम सर्वेक्षणात रोजगाराच्या रकान्यात गेला असता.

एक तुलना मला सगळ्यांत बोलकी वाटते, पण ती कोणी करत नाही: रवांडा आणि बुरुंडी. दोन्ही लहान, दोन्ही डोंगराळ, दाट वस्तीचे, उतारावर केळी आणि घेवडा लावणारे. बुरुंडीचा दर एक टक्क्याच्या आसपास, रवांडाचा दोन अंकी. सीमेच्या अलीकडे-पलीकडे शेत सारखंच. फरक असा की २०१३ मध्ये जिनिव्हात श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांच्या एकोणिसाव्या परिषदेने नवा नियम केला: जो शेतकरी मुख्यतः स्वतःच्या घरापुरतं पिकवतो, त्याचं ते काम आहे, पण त्याला रोजगार म्हणायचं नाही. रोजगार तो, ज्यातून पगार किंवा नफा येतो. रवांडाने हा नियम काही वर्षांतच अंगीकारला आणि त्याचा दर एकदम चढला. घरापुरतं पिकवून वर मजुरी शोधणारी माणसं आता बेरोजगारांत दिसू लागली. आपण वाईट दिसू हे माहीत असूनही हा नियम स्वीकारायला मनाचा मोठेपणा लागतो, आणि नकाशा त्याचं बक्षीस म्हणून रवांडाला लाल रंग देतो.

त्याच परिषदेने आणखी एक चांगली गोष्ट केली. बेरोजगारीच्या एका दराऐवजी चार मापं सुचवली. पहिलं म्हणजे नेहमीचा दर. मग त्यात कमी तास काम मिळणारे मिळवायचे, तिसऱ्यात त्यांच्याऐवजी शोध सोडलेले किंवा लगेच काम सुरू करू न शकणारे, आणि चौथ्यात सगळे एकत्र. चौथं माप लावलं तर देशांमधलं अंतर बरंच कमी होतं आणि रांगही बदलते. मी स्वतः याच्या जोडीला अजून दोन आकडे काढते: काम करण्याच्या वयाच्या शंभर माणसांमागे किती जण काम करतात, आणि काम करणाऱ्यांपैकी किती जणांना महिन्याच्या शेवटी पगार मिळतो. श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे आफ्रिकेतला ८५.८ टक्के रोजगार अनौपचारिक आहे. हे एक वाक्य त्या सगळ्या नकाशापेक्षा जास्त सांगतं.

आणि एकाच देशाची त्याच्याच भूतकाळाशी तुलना करा, प्रश्नावली तीच असेल तर. २०२१ च्या शेवटी दक्षिण आफ्रिका ३५.३ टक्क्यांवर होती, तिथून ३२.९ वर आली, हे खरं वाचन आहे. त्यातून काहीतरी कळतं: कोणत्या प्रांतात, कोणत्या उद्योगात, तरुणांना की वयस्करांना. नायजरपेक्षा बत्तीस टक्क्यांनी वाईट, यातून काहीच कळत नाही.

शेवटी त्या नकाशाबद्दलच एक मागणी. जागतिक बँकेच्या कोष्टकात पुष्कळ देशांच्या आकड्याशेजारी लिहिलेलं असतं की हा प्रतिमानातून काढलेला अंदाज आहे. म्हणजे त्या वर्षी त्या देशात कोणी घरोघरी गेलेलंच नाही. जुनं सर्वेक्षण, शेजारी देश, उत्पन्न यांवरून गणिताने आकडा बसवलाय. अंदाज लागतात, मीही ते वापरते. पण नकाशा करताना ही खूण गळून पडते आणि कोणी न विचारलेला आकडा तीस हजार घरांत विचारलेल्या आकड्याच्या बरोबरीने छापला जातो. नामिबियासारख्या देशात २०१८ चं श्रमबल सर्वेक्षण ३३.४ टक्के सांगून गेलं, आणि त्यानंतरचा मोठा आकडा थेट २०२३ च्या जनगणनेतून आला, ३६.९. मधल्या वर्षांत नकाशावर नामिबियाचा रंग होताच, दर वर्षी. तेव्हा नकाशा करणाऱ्यांनी एवढं करावं: जिथे त्या वर्षी सर्वेक्षण झालंय तिथे भरीव रंग, जिथे अंदाज आहे तिथे फक्त रेघोट्या, आणि प्रत्येक देशावर शेवटच्या सर्वेक्षणाचं साल. मला पुढचा नकाशा पाठवाल तेव्हा तसला पाठवा. नसेल मिळत तर मला सांगा, कोष्टकं माझ्याकडे आहेत, आपण बसून काढू.